करगा : धानाच्या भाऊबंदाचा इतिहास



सध्या चार शेतकरी भेटले की एकच विषय निघतो. रोवणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. मग धान सरळ पेरूनच टाकावं का? त्यातच कानावर येतं की तणनाशक मारलं तरी मरत नाही असं धानाचं बियाणं निघालंय. पेरा, फवारा आणि मोकळे व्हा.

पेरणीला माझा विरोध नाही. आवत्या आपल्या बापजाद्यांनीही केला. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार लांबचा नाही, आपल्या शेजारच्या छत्तीसगडातला आहे. म्हणून आजची नोंद जरा लांब झालीय. सावकाश वाचा.

करगा म्हणजे काय

धानाच्या बांधीत न पेरता उगवणारं जे जंगली धान, त्याला छत्तीसगडात करगा म्हणतात. या नोंदीत मी तोच शब्द वापरतो. रोप असताना करगा आणि धान शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. पान तेच, फुटवा तसाच, रंगही तोच. खरी ओळख पटते ती धान निसवल्यावर. करग्याच्या लोंबीला बहुतेक वेळा लांब कुसळ असतं, ताट उंच होतं, आणि मुख्य म्हणजे दाणा पुरता पिकायच्या आधीच गळायला लागतो. आपण विळा घेऊन बांधीत उतरेपर्यंत त्याचं निम्मंअधिक बी मातीत गेलेलं असतं. दाणा सोलून बघितला तर तांदूळ बहुधा लाल निघतो.

मातीत पडलेलं हे बी पुढच्या पावसाळ्यात सगळंच्या सगळं उगवत नाही. काही उगवतं, काही झोपून राहतं आणि दोन, तीन, चार वर्षांनी वर येतं. धान असं वागत नाही. आपण पेरलेलं धान आठवड्याभरात एकदम उगवतं, कारण हजारो वर्षं माणसाने तेच बी पुढे ठेवलं जे सांगितल्या वेळी उगवतं.

साधं तण आणि करगा यात फरक आहे तो असा. सावा, लव्हाळा ही धानाची परकी मंडळी. त्यांना मारणारं आणि धानाला सोडणारं औषध सापडू शकतं. करगा मात्र घरचाच. दोघांच्या पेशीत २४ गुणसूत्रं, दोघांच्या शरीराची घडण एकच. जे औषध करग्याला मारेल ते धानालाही मारेल. आणि भाऊबंद असल्यामुळे दोघांचा संकर होतो. धान हे मुख्यतः स्वतःच्याच परागावर दाणा भरणारं पीक आहे. शेजारच्या झाडाचा पराग लागण्याचं प्रमाण फार कमी, साधारण शंभरात एकापेक्षाही कमी. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. या नोंदीतली सगळी गोष्ट त्याच किरकोळ आकड्यावर उभी आहे, एवढं लक्षात ठेवा.

तळ्यात देव, बांधीत तण

या घराण्याची तिसरी शाखाही आहे. तळ्याच्या काठाला, बोडीच्या उथळ पाण्यात, दलदलीत जे रानटी भात आपोआप येतं ती. संस्कृतात त्याला नीवार म्हणत. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वांच्या आश्रमात झाडाखाली पडलेले दाणे आहेत ते याच नीवाराचे. १९६५ मध्ये शर्मा आणि शास्त्री या शास्त्रज्ञांनी या वर्षायू रानटी भाताला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा तोच जुना शब्द घेतला: ओरायझा निवारा.

आपल्याकडे कोकणात याला देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, त्या दिवशी हे न नांगरता आलेलं भात लागतं. छत्तीसगडात कमरछठच्या उपासाला बायका पसहर तांदूळ खातात, तोही असाच नांगराविना आलेला. म्हणजे बघा, तळ्यात उभं असेल तर त्याला देवाचं नाव, आणि तेच रक्त बांधीत शिरलं की करगा. झाडाचा दोष काही नाही. ते फक्त चुकीच्या जागी उभं आहे, आणि तिथून हलायला तयार नाही.

गळणं थांबवायला किती काळ लागला

धान आणि रानटी भात यांच्यातला सगळ्यात मोठा फरक म्हणजे गळ. रानात गळणं हा गुण आहे, नाहीतर बी पसरणार कसं? शेतकऱ्याला मात्र लोंबीवर टिकणारा दाणा हवा. ज्या झाडाचा दाणा टिकला तोच घरी आला, तोच पुढच्या वर्षी पेरला गेला. कुणी ठरवून केलं नाही, विळ्यानेच निवड केली.

हे किती हळू झालं याचा पुरावा चीनमध्ये सापडलाय. तियानलुओशान नावाच्या जुन्या वस्तीच्या उत्खननात सुमारे ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीचे भाताचे अवशेष मिळाले. दाण्याच्या बुडाशी असलेली खूण बघून तो आपोआप गळला की झोडून काढला हे कळतं. त्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं. तीनशे वर्षं म्हणजे दहाबारा पिढ्या, आणि बदल फक्त १२ टक्क्यांचा. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी गळ थांबवणारं एक महत्त्वाचं जनुक शोधलं होतं. त्यात झालेला बदल अगदी बारीक, एका अक्षराचा म्हणा ना.

पण जे एका अक्षराने बांधलं ते एका संकराने सुटतं. करग्याचा एक पराग धानाच्या फुलावर पडला की गळण्याचा गुण पुन्हा घरात आला. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घालून जे कमावलं ते गमवायला चार हंगाम पुरतात.

रायपूरचं जांभळं धान

आता मुख्य गोष्ट. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत नावाचा जो मुलूख होता त्यात रायपूर, बिलासपूर, दुर्ग होते आणि आपला भंडारा, चांदा, नागपूरही होता. पुढे १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. म्हणजे ही आपल्याच जुन्या घरातली गोष्ट आहे.

छत्तीसगडच्या मैदानात धान पेरायची जुनी रीत बियासीची. पाऊस पडला की कोरड्यात किंवा ओलीवर धान फेकून पेरायचं. महिना सवा महिन्याने बांधीत वीतभर पाणी साचलं की उभ्या पिकातच हलका नांगर घालायचा. त्याने तण दबतं, दाट रोपं विरळ होतात, मुळं मोकळी होतात. खर्च कमी, मजूर कमी, आणि पावसाच्या भरवशावरच्या जमिनीला सोयीची अशी ही रीत. पण करग्याला याहून चांगलं घर मिळालं नसतं. धान आणि करगा एकाच दिवशी, एकाच मातीत, बरोबरीने उगवतात. ओळी नाहीत, त्यामुळे कोण आपला आणि कोण परका कळत नाही. नांगर दोघांना सारखाच लागतो. निंदणाऱ्या बाईला दोघांची पानं सारखीच दिसतात.

आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांमुळे रोवणीची रीत बळकट झाली. पऱ्हे वेगळे टाकायचे, बांधी चिखलायची, पाणी उभं ठेवायचं आणि मग रोवायचं. चिखलणीत उगवून आलेला करगा मरतो, उभ्या पाण्याखाली त्याचं बी सहसा उगवत नाही, आणि तरीही उगवलाच तर तो रोवलेल्या धानापेक्षा तीन आठवड्यांनी लहान असतो, ओळीबाहेर असतो, लगेच ओळखू येतो. आपण रोवणीकडे फक्त उत्पन्नाच्या नजरेने बघतो. खरं तर रोवणी ही करग्याविरुद्धची जुनी युक्तीही आहे.

रायपूरकडच्या सगळ्या शेतकऱ्यांना रोवणी शक्य नव्हती, पाणीच नव्हतं. मग तिथल्या कृषी खात्यातल्या लोकांनी वेगळा विचार केला. करगा मारता येत नाही, कारण ओळखता येत नाही. करग्याचं पान बदलणं आपल्या हातात नाही, पण धानाचं पान बदलता येईल. जांभळ्या पानाची धानं निसर्गात होतीच. त्यांचा चांगल्या वाणांशी संकर करून जांभळ्या पानाचं, पण बरं पिकणारं धान तयार केलं. पेरलं की सगळी बांधी जांभळी, आणि त्यात जे हिरवं दिसेल तो करगा. लहान पोरालाही उपटता येईल. बी. बी. दवे यांनी १९४३ मध्ये मध्य प्रांतातल्या जंगली धानाच्या प्रश्नावर आणि त्याच्या उपायावर शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. पुढेही ही वाट चालू राहिली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा श्यामला हा वाण याच कामासाठी जांभळ्या पानाचा केलेला आहे.

युक्ती अस्सल होती, आणि सुरुवातीला चाललीही. मग काय झालं? काही हंगामांनंतर बांधीत जांभळा करगा दिसू लागला.

हे कसं घडलं ते हिशोबाने बघा. आकडे समजण्यापुरते धरू. एका एकरात करग्याची २०० झाडं सुटली. प्रत्येकाला ३०० दाणे, म्हणजे ६०,००० दाणे. हजारात एका दाण्याला शेजारच्या जांभळ्या धानाचा पराग लागला, तर ६० दाणे संकराचे. जांभळा रंग बहुतांशी जोरकस असतो, त्यामुळे या संकराची रोपं पहिल्याच पिढीत जांभळट निघतात. पुढच्या हंगामात निंदणारी बाई बांधीत उतरते. तिला सांगितलंय, हिरवं दिसलं की उपट. ती मन लावून काम करते, हजारो हिरवी रोपं उपटते. ती ६० जांभळी रोपं मात्र ती धान समजून सोडते. ती वाढतात, गळतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची संख्या काही हजारांत जाते. त्यांतली जी जास्त जांभळी ती जास्त वाचतात.

निंदण जितकं चोख, तितकी जांभळ्या करग्याची निवड कडक. ज्या हाताने करगा काढला त्याच हाताने नवा करगा घडवला. बाईचा काही दोष नाही, सांगणाऱ्याचाही नाही. खूण वंशाने चालणारी होती आणि समोरचा भाऊबंद होता, एवढंच कारण.

ही गोष्ट जगभरच्या अभ्यासात पोचली. स्पेन्सर बॅरेट यांनी १९८३ मध्ये पिकाचं सोंग घेणाऱ्या तणांवर लिहिलं त्यात भारतातलं हे जांभळं धान आहे. असं सोंग घ्यायला तण नात्यातलंच असावं लागतं असंही नाही. धानात येणाऱ्या सावा जातीच्या गवताचं रोप धानासारखं ताठ आणि सरळ असतं, ते हजारो हातांनी वेगळी दिसणारी रोपं उपटल्यामुळेच. चीनमधल्या यांगत्सी खोऱ्यातल्या या गवताच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात या सोंगाची सुरुवात सुमारे हजार वर्षांपूर्वीची निघाली. सावा परका, त्याला सगळं स्वतःच्या बळावर शिकावं लागलं. करग्याला मात्र शिकावं लागत नाही, पिकाकडून उसनं मिळतं.

रोवणी सोडल्यावर मलेशियात काय झालं

दुसरं प्रकरण मलेशियाचं. तिथे १९८० नंतर मजुरांची चणचण झाली आणि मोठ्या सिंचन प्रकल्पातल्या शेतकऱ्यांनी रोवणी सोडून थेट पेरणी धरली. आज आपल्याकडे जे चाललंय तेच. १९८८ च्या सुमारास सेलांगोर राज्यातल्या भातशेतीत तणभाताची पहिली नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत ते दुसऱ्या भातपट्ट्यांतही पसरलं. तिथले शेतकरी त्याला 'पादी आंगिन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याचं भात. वारा आला की गळतं म्हणून. श्रीलंका आणि व्हिएतनाममध्येही थेट पेरणी वाढली तशी हीच तक्रार वाढली.

तणभात तिथे कुठून आलं? बऱ्याच अंशी पिकातूनच. पेरलेल्या बियाण्यात थोडी भेसळ, मागच्या हंगामातलं गळलेलं धान, जवळपासचं रानटी भात, या सगळ्यांतून. रोवणी होती तोवर चिखल आणि पाणी त्याला दरवर्षी दाबत होतं. झाकण काढलं तसं ते वर आलं.

ज्या देशात रानटी आशियाई भात मुळीच नाही तिथेही हे घडलं. अमेरिकेत दक्षिणेकडच्या भातशेतीत एकोणिसाव्या शतकापासून 'लाल भात' नावाचं तण आहे. त्याच्या जनुकांचा माग काढला तर ते आशियातल्या लागवडीच्या भातातून उतरलेलं निघालं, त्यातली एक शाखा तर आपल्या पूर्वेकडच्या, बंगालच्या बाजूच्या औस जातीच्या धानाशी जुळते. म्हणजे माणसाळवलेलं धान पुन्हा रानटी झालं.

औषध सहन करणारं धान

या लाल भाताने अमेरिकेतले शेतकरी जेरीला आले होते. लाल दाणा मिसळला की भाव पडतो, तो पांढरा करायला जास्त घासावं लागतं आणि तांदळाची कणी होते. १९९३ मध्ये लुईझियाना राज्य विद्यापीठात टिम क्रॉगन यांना एक धानाचं झाड सापडलं जे ठरावीक गटातल्या तणनाशकाला दाद देत नव्हतं. बियांवर रसायनाची प्रक्रिया करून जो बदल घडवला त्यातून ते निघालं. दुसऱ्या जातीचं जनुक त्यात घातलेलं नव्हतं. त्यातून तयार केलेले 'क्लिअरफील्ड' वाण २००२ मध्ये बाजारात आले. त्यावर इमाझेथापायर फवारायचं. होय, आपण सोयाबीनवर मारतो तेच. लाल भात मरतो, पीक उभं राहतं.

जांभळ्या पानाचीच ही नवी आवृत्ती. तिथे खूण डोळ्याला दिसत होती, इथे खूण औषधाला दिसते. आणि शेवटही तोच झाला. विक्री सुरू झाल्यावर दोनचार वर्षांतच औषधाने न मरणारा लाल भात शेतांत सापडू लागला, आणि दहा वर्षांत तो नेहमीचा झाला. इटलीत हे वाण २००६ मध्ये आले, तिथेही काही वर्षांत तेच. मलेशियात २०१० मध्ये आले, तिथेही तेच.

बियाणं विकणाऱ्यांनी सूचना दिल्या होत्या: लागोपाठ दोन वर्षं तोच वाण पेरू नका, पीक बदला, वाचलेलं प्रत्येक लाल झाड फुलण्याआधी काढा. सूचना बरोबर होत्या. पण ज्याचं शेत स्वच्छ झालं त्याला पुन्हा तेच पेरावंसं वाटतं. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. रायपुरात निंदणाऱ्या हाताने जी निवड केली ती इथे फवारणीच्या नळीने केली, आणि नळी हातापेक्षा कितीतरी जास्त कडक.

आता आपल्या दारात

भारतातही हे बियाणं आलंय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १९७९ आणि पुसा बासमती १९८५ हे दोन वाण काढले. नगिना २२ या जुन्या देशी धानात घडवलेल्या बदलातून तो गुण त्यांत आणलाय. इमाझेथापायरला ते टिकतात आणि थेट पेरणीसाठी आहेत. पंजाबात पाणी वाचवायला सरकार थेट पेरणीला उत्तेजन देतंय, २०२२ मध्ये तर एकरी १५०० रुपये जाहीर केले. तिथला भूजलाचा प्रश्न खरा आहे, मजुरांचाही खरा आहे. त्यामुळे या वाणांना नावं ठेवून काही साधणार नाही.

हे दोन वाण बासमतीचे, आपल्या भागासाठी नाहीत. पण हाच गुण असलेलं दुसरं धान उद्या आपल्याकडे येणार, हे गृहीत धरून चालू. तेव्हा प्रश्न हा की आपण ते कसं वापरू. पंजाबात बांधीच्या शेजारी रानटी भात फारसं नाही. आपल्या झाडीपट्टीत आणि छत्तीसगडात बोड्या, तलाव, नाले आहेत, काठाला रानटी भात आहे, बांधीत करगा आहे. इथे तो गुण भाऊबंदाच्या घरात जायला वेळ लागणार नाही.

इतिहासातून मला जे दिसतं ते असं. पिकाला वंशाने चालणारी खूण दिली की ती आज ना उद्या करग्याकडे जाते. जी गोष्ट वंशाने जात नाही ती टिकते. चिखल, पाणी, स्वच्छ बी, वेळ आणि विळा यांचा पराग उडत नाही.

प्रत्यक्षात करायचं काय

बियाण्यापासून सुरुवात करा. घरचं बी ठेवत असाल तर ज्या बांधीत करगा दिसला त्या बांधीतलं ठेवू नका. मूठभर धान सोलून पांढऱ्या कापडावर पसरा. पांढऱ्या तांदळाच्या वाणात लाल दाणा दिसला तर ते बी खायला ठेवा, पेरायला नको.

थेट पेरणी करायची असेल तर पहिल्या पावसावर घाई करू नका. पाऊस पडला की बांधीत जे उगवेल ते उगवू द्या, मग वखरून मारा. जमलं तर दुसऱ्यांदाही. करग्याचं वरच्या थरातलं बरंच बी यातच संपतं. पेरणी ओळीत करा, फेकून नको. ओळीबाहेरचं धान दिसलं की ते आपलं नाही, एवढा साधा नियम मजुराला सांगता येतो.

ज्या बांधीत करगा वाढलाय तिथे दोनतीन हंगाम तरी रोवणीच करा. सगळ्या शेताची रोवणी परवडत नसेल तर तेवढ्या बांधीची करा. पाणी असेल तर उन्हाळ्यात तिथे मूग, उडीद असं वेगळं पीक घ्या, म्हणजे उगवलेला करगा निंदणात ओळखू येईल.

धान निसवायला लागलं की विळा घेऊन बांधी फिरा. मी दोनदा फिरतो, पहिल्यांदा निसवताना आणि पुन्हा आठदहा दिवसांनी. उंच ताट, लांब कुसळ, वेगळा रंग दिसला की बुडापासून काढायचं आणि धुऱ्यावर टाकायचं नाही, बाहेर नेऊन जनावरांना घालायचं, तेही दाणा भरायच्या आत. दाणा भरल्यावर हलवलं तर आपणच पेरणी केली म्हणून समजा.

कापणीनंतर लगेच खोल नांगरट करू नका. वर पडलेलं बी पाखरं खातात, उंदीर खातात, उन्हापावसाने खराब होतं. खोल गाडलं तर ते झोपून राहतं आणि वर्षांनी वर येतं. आणि भाड्याचा हार्वेस्टर येणार असेल तर तो आधी कुणाच्या बांधीतून आला ते विचारा, आणि आत उतरण्याआधी झाडून घ्यायला सांगा. पुंजण्याच्या काळात गावचा करगा गावातच राहायचा. आता तो चाकावर बसून तालुका ओलांडतो.

जांभळ्या पानाचं धान मिळालं तर तेही वापरण्यासारखं आहे, फक्त दरवर्षी नको. एक वर्ष जांभळं पेरा आणि हिरवं उपटा, पुढच्या वर्षी हिरवं पेरा आणि जांभळं उपटा. खूण आलटून पालटून बदलली तर करग्याला एकच सोंग पुरत नाही. उद्या औषध सहन करणारं धान आलं तरी हाच नियम: लागोपाठ नको, त्याचं बी घरी ठेवायचं नाही, आणि फवारणीतून वाचलेलं एकही संशयास्पद झाड फुलू द्यायचं नाही. शिवाय ते औषध साध्या धानाला मारतं, त्याचा अंश जमिनीत राहून पुढच्या पिकालाही त्रास देऊ शकतो. शेजाऱ्याच्या बांधीकडे वारा असताना पंप उचलू नका.

तळ्यातलं मात्र राहू द्या

हे वाचून कुणी बोडीतलं रानटी भातही जाळायला निघेल, म्हणून हेही सांगतो. १९७० च्या सुमारास आशियात धानावर खुरटं करणारा एक विषाणूजन्य रोग आला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो एकाच नमुन्यात, आणि तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा. म्हणजे आपलं नीवार, देवभाताच्या घराण्यातलं. गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण लागवडीच्या धानात आणला. १९७६ मध्ये आलेला आयआर ३६ हा त्यातलाच वाण, जो पुढे लाखो हेक्टरवर पिकला.

बांधीत करग्याशी भांडायचं आणि तळ्यात त्याच्या भावाला जपायचं, असं दोन्ही करावं लागेल. बांधी आणि तळं यांच्यामध्ये धुऱ्यालगत चार हात जागा स्वच्छ ठेवली तरी पराग बराच कमी पोचतो.

तुमच्या भागात या रानटी धानाला काय म्हणतात, आणि ते पेरलेल्या बांधीत जास्त दिसतं की रोवलेल्या, ते जरूर लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं. कुणाकडे जांभळ्या पानाचं धान पूर्वी होतं असं कुणी सांगत असेल, तर ते का बंद झालं हेही विचारा.